बारा पाण्यांची नंदाबाई

परवा पुण्याला पुतणीच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. तिथे पेशी वाढवायच्या बाटल्या प्लास्टिकच्या. पाकीट फोडायचं, बाटली वापरायची, फेकून द्यायची. रोज दोन पोती कचरा निघतो. मी विचारलं, "धूत नाही का?" पुतणी हसून म्हणाली, "काका, धुण्यात कोण वेळ घालवणार?" मला राग आला. तिचा नाही, त्या पोत्यांचा. आमच्याकडे काचेची एक बाटली फुटली तर घरात कुणी गेल्यासारखे सगळे गप्प बसायचे. आणि धुण्यात वेळ कोण घालवायचं, हे सांगायचं तर नंदाबाईबद्दलच लिहावं लागेल.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. साल चौऱ्याहत्तर. स्टेशनच्या रस्त्याला एका ट्रस्टचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागे सरकीचं जुनं गोदाम. त्या गोदामात धर्मराज डॉक्टरांनी प्रयोगशाळा थाटली होती. पाच वर्षं परदेशात काढून आलेला माणूस. मुंबईत राहिला असता तर बंगला बांधला असता. पण इथे पोट फुगलेली, डोळे पिवळे झालेली माणसं बैलगाडीतून यायची आणि महिन्या-दोन महिन्यांत जायची. यकृताचा कर्करोग. डॉक्टरांच्या मनात एकच होतं: अशा गाठीतल्या पेशी बाटलीत जगवायच्या, पिढ्यान्‌पिढ्या वाढत ठेवायच्या, म्हणजे औषधं माणसावर करून बघण्याआधी त्यांच्यावर बघता येतील. अशा पेशींच्या वंशाला आम्ही सेल लाइन म्हणायचो. नंदाबाई त्याला वाण म्हणायची.

मी पिंपळगाव रेणुकाईचा. गावातला पहिला बी.एस्सी. वडिलांनी गावभर पेढे वाटले होते आणि त्या पेढ्यांची गोडी माझ्या डोक्यातून काही उतरत नव्हती. डॉक्टरांनी मला मदतनीस म्हणून घेतलं तेव्हा मला वाटलं, आता या गोदामात डॉक्टरांच्या खालोखाल मीच. पहिल्याच आठवड्यात कळलं की डॉक्टरांच्या खालोखाल नंदाबाई आहे.

नंदाबाई केदारखेड्याची. छप्पन्न साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती न्हातीधुती पोर होती. लग्नानंतर ती बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीला जायची. संकरित ज्वारीच्या बियाण्यात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, आणि मध्येच एखादं परकं ताट उगवलं तर ते फुलोऱ्यावर यायच्या आत उपटावं लागतं, नाहीतर सगळं बियाणं बाद. या कामाला भेसळ काढणं म्हणतात. हिरव्या रानात हिरवंच ताट ओळखायचं. नंदाबाई चालता चालता ओळखायची. बहात्तरच्या दुष्काळात रान करपलं, नवरा जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायला लागला आणि ही दवाखान्यात झाडू मारायला आली. डॉक्टरांनी तिची नजर आणि हात पाहिले आणि झाडू काढून घेतला.

पेशींना साबणाचा अंशही चालत नाही. काचेवर डोळ्याला न दिसणारा साबण राहिला तरी पेशी बाटलीला चिकटत नाहीत, मरतात. म्हणून डॉक्टरांचा नियम होता, प्रत्येक बाटलीला बारा पाणी. नंदाबाई डाव्या हाताशी बारा चिंचोके मांडायची. एक पाणी झालं की एक चिंचोका उजवीकडे. त्या वेळी प्रत्यक्ष डॉक्टरांनी हाक मारली तरी मान वर करायची नाही. एकदा घाईत मी म्हणालो, "दहा पुरे."

"संपतभाऊ," ती म्हणाली, "बारा ओळी खुरपायला लावल्या तं दहाव्या ओळीत बुड टेकून चालन का?"

बारा गावचं पाणी प्यालेली माणसं मी आयुष्यात खूप पाहिली. बारा पाण्यांची ही एकच.

दुपारी ती डब्यातून ताक आणायची. दाट, गोडसर, वर जिऱ्याचा वास. रोज मला विचारायची, रोज मी काहीतरी कारण सांगायचो. सर्दी आहे, आत्ताच चहा झाला. खरं कारण ती ओळखून होती आणि मीही. बी.एस्सी. झालेल्या माणसाला त्या डब्यातलं ताक प्यायला वर्षाहून जास्त काळ लागला. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिच्या घरच्या विरजणाची गोष्ट तिनेच मला सांगितली. आमच्याकडे दिवेलागण झाल्यावर कुणी विरजण घराबाहेर देत नाही, असा रिवाज आहे. तिच्या आईला तर दिवसाउजेडीही गावात कुणी देत नसे. "मंग आमचं आमीच जपलं," नंदाबाई म्हणाली. "एक दिवस मोडू देल्लं न्हाई. आन मायनं बजावून ठिवलं, आपल्या दारात कोनी इरजन मागाय आलं तं दिवे लागले असले तरी न्हाई म्हनायचं न्हाई. ज्याचं मोडलं त्याला द्यायचं. बिलकुल इचारायचं न्हाई कोन हाये म्हून."

मला तेव्हा ही गोष्ट साधी वाटली. पुढे आमचं सगळं होत्याचं नव्हतं झालं ते याच गोष्टीपायी.

त्या कार्तिकात अंतरवाली सराटीहून गिरिजाबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, रानात राबलेल्या. पोट घागरीएवढं. सोबत लेक सगुणा, गावातच दिलेली. डॉक्टरांनी पोट उघडलं, पण गाठ काढण्याजोगी राहिली नव्हती. गाठीचा तुकडा बाटलीत वाढवायला घेऊ का, हे डॉक्टरांनी आधीच विचारून ठेवलं होतं, आणि ते समजावून सांगायचं काम नंदाबाईकडे होतं.

"बाटलीत मी खाईन काय गं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"नाळंचं रक्त घालतेत त्याला. बाळंतिनीच्या खोलीतून मीच आनते."

गिरिजाबाई पोट धरून हसल्या. "म्हंजी पुन्हा बाळ झाले म्हना की!" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "सांभाळशील का?"

"सांभाळीन," नंदाबाई म्हणाली.

दोन महिने गिरिजाबाई वॉर्डात होत्या. दुसरं काही पोटात ठरत नसे, नंदाबाईचं ताक तेवढं ठरे. त्यांनी एकदाही विचारलं नाही की ताक कुणाच्या घरचं. त्यांना काळजी एकच, आपल्या घरचं विरजण. सगुणा आली की पहिला प्रश्न, "इरजन मोडलं न्हाई ना गं?" पौषात त्या गेल्या. नंदाबाईने त्या दिवशी बाटल्या धुतल्या, पण चिंचोके दोनदा मांडावे लागले.

गिरिजाबाईंच्या पेशींच्या चार बाटल्या आम्ही लावल्या होत्या. तीन बुरशीने गेल्या. चौथी राहिली. ती एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट करायचं. मेणबत्ती आतली हवा खाऊन आपोआप विझते आणि पेशींना हवी तशी हवा मागे राहते. मग बरणी सदतीस अंशांच्या उबेत. बाटलीवर मी नंबर घातला होता. नंदाबाई तिला गिरिजाबाईच म्हणायची. "गिरिजाबाईला पानी बदलायचंय," "गिरिजाबाई आज सुस्त हायेत."

शेजारच्या कप्प्यात सरावासाठी मुंबईहून आणलेली दुसरी सेल लाइन होती, हेला नावाची. जगभर पसरलेली, भलती दांडगी. दर तीन-चार दिवसांनी बाटली भरून जायची. गिरिजाबाईंच्या पेशी मात्र माघापासून खचत चालल्या. फाल्गुनात तर डॉक्टरांनी आशाच सोडली.

आणि चैत्रात चमत्कार झाला. बाटली भरली! दुसरीत घातली, तीही भरली. डॉक्टरांनी बालूशाही मागवली. मी गुणसूत्रं पुन्हा मोजायला घेतली, डॉक्टर निबंध लिहायला बसले आणि निबंधावर दुसरं नाव माझं घालतो म्हणाले. वैशाखात सगुणा दवाखान्यात आली तेव्हा नंदाबाईने तिला गोदामात नेलं, बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "ही तुझी माय. जित्ती हाये." सगुणा त्या बाटलीपुढे वाकली, जमिनीला डोकं टेकवलं आणि कितीतरी वेळ उठली नाही.

आषाढातली गोष्ट. निबंध टाइप होऊन टेबलावर होता. मी सूक्ष्मदर्शकापाशी बसलो होतो, स्वारी खुशीत होती. नंदाबाई भांडी न्यायला आली तशी मी म्हणालो, "या, बघा तुमची गिरिजाबाई."

तिने डोळा लावला. हिवाळ्यातही तिने एक-दोनदा पाहिलं होतं. या वेळी ती पाहतच राहिली. मग म्हणाली, "संपतभाऊ, ह्या गिरिजाबाई न्हाईत."

"म्हणजे?"

"गिरिजाबाईच्या पेशी एकमेकीला धरून बसायच्या. दोघींच्या मधी उजेडाची रेघ दिसायची. ह्या जागा दिसली की पसरून राह्यल्या. शेजारची बाटली लावा बरं."

मी हेलाची बाटली लावली. तिने पाहिलं. "एकच वाण हाये. भेसळ झाली."

मी समोरची वही मिटली. कारण मला ते ठाऊक होतं. हिवाळ्यात मी मोजली तेव्हा गुणसूत्रं बावन्न-त्रेपन्न भरली होती. चैत्रात अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. आणि हेलाचीही तितकीच. मी वहीत लिहून टाकलं होतं, 'कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रं बदलत असतात.' ते खोटं नव्हतं. पण मी ते खरं म्हणून लिहिलं नव्हतं, माझं नाव छापून यावं म्हणून लिहिलं होतं.

नंदाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "माज्याच हातानं झालं," ती म्हणाली. फाल्गुनात गिरिजाबाईची बाटली विझत चालली तेव्हा तिने घरी केलं असतं तेच केलं. ज्याचं मोडलं त्याला शेजाऱ्याचं द्यायचं. हेलाच्या बाटलीतलं जुनं पाणी, ज्यात पेशी जोमाने वाढल्या होत्या, ते तिने चमचाभर काढून गिरिजाबाईच्या बाटलीत घातलं. बळ त्या पाण्यात आहे असं तिला वाटलं. पाण्याबरोबर हेलाच्या चार पेशीही गेल्या, आणि दांडग्यांनी घर बळकावलं.

ती उठली ती थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिने सगळं सांगितलं. ती बोलून संपल्यावर मग मी माझ्या आकड्यांचं सांगितलं. आधी मी बोललो असतो तर बरं झालं असतं, पण नाही बोललो.

डॉक्टर आमच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी टाइप केलेले कागद त्यांनी टराटरा फाडले. "सात महिने! सात महिन्यांची माती केलीत तुम्ही. दोघांनाही काढून टाकू का कामावरून?"

"काढा, साहेब," नंदाबाई म्हणाली. "पन सगुणाला कोन सांगनार? मी तिला दुसऱ्याच बाईची बाटली दावून 'ही तुझी माय' म्हनलं. पाया पडली ती."

डॉक्टर खुर्चीत बसले. फाटलेले तुकडे गोळा करत, स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, "कल्पना चुकीची नव्हती गं. वाढलेल्या पेशींच्या पाण्यात बळ असतं. फक्त ते गाळून घ्यायला हवं होतं. बारीक गाळणीतून. पेशी मागे राहिल्या असत्या." मग विचारलं, "गिरिजाबाईंचं काहीच उरलं नाही?"

नंदाबाई खाली पाहून म्हणाली, "हाये."

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो.

"आपल्या घरचं मोडून दुसऱ्याचं लावत न्हाईत, साहेब. नवं नीट लागलं न्हाई तं? म्हून आधी आपलं चमचाभर बाजूला काढून ठिवत असतेत."

बरणीच्या अगदी मागे, मेणबत्तीच्या आडोशाला, पेनिसिलिनची एक चिमुकली बाटली होती. मी रोज ती बरणी उघडत होतो आणि मला ती कधी दिसली नव्हती. फाल्गुनापासून ती तिला थेंबाथेंबाने खाऊ घालत होती. नियमाबाहेरचं काम म्हणून सांगायचा धीर झाला नव्हता. पण थेंब टाकायची नळी वेगळी आणि तिलाही बारा पाणी. डॉक्टरांनी ती बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काचेवर पेशींची चार बेटं होती, अंग चोरून, एकमेकींना धरून, मध्ये उजेडाची रेघ. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि पुन्हा पुसला.

"ती दुसरी बाई कोन, साहेब?" नंदाबाईने विचारलं. "ही हेला?"

"अमेरिकेतली. काळी बाई होती, चोवीस वर्षं झाली जाऊन. नाव कुणी काही सांगतं, कुणी काही. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही."

"लेकरं व्हती का तिला?"

"असतील."

नंदाबाईने मान हलवली आणि भांडी उचलून गेली. कामावरून कुणाला काढलं नाही. फक्त हेलाच्या बाटल्या गोदामाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. बियाण्याच्या प्लॉटपासून दुसरं रान लांब ठेवतात तसं अंतर ठेवा, असं नंदाबाईनेच सुचवलं.

चार बेटांची आठ व्हायला श्रावण उजाडला. आता मी रोज मोजत होतो आणि जे दिसेल तेच लिहीत होतो. त्रेपन्न. पुन्हा त्रेपन्न. दसऱ्याच्या आधी दोन मोठ्या बाटल्या भरल्या. त्यांतलं पाणी मुंबईला तपासायला पाठवलं. यकृताचा कर्करोग रक्तात एक खास प्रथिन सोडतो, ते त्या पाण्यात सापडल्याचं पत्र आलं. आता शंकाच नव्हती. गिरिजाबाईच होत्या. डॉक्टरांनी सेल लाइनला नाव दिलं जी-एक. रुग्णाचं नाव छापायचं नसतं, म्हणून नुसता जी. पुढे तिच्या बाटल्या दोन-तीन ठिकाणी गेल्या. डॉक्टर वारले, गोदाम पडलं. आज ती कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या पत्राच्या दिवशी नंदाबाईने एवढंच म्हटलं, "आता सगुणाला सांगाय जाऊ."

"पत्र टाकू की," मी म्हणालो.

"खोटं सांगितलं मी तोंडानं. खरं सांगायचं बी तोंडानंच. आन रिकाम्या हातानं न्हाई जानार."

नियमाचे इतके कडक डॉक्टर, त्यांनी दोन बाटल्यांतली एक स्वतः काढून दिली. "सदतीस अंश ऊब लागते, विसरू नकोस."

"मानूस सदतीसच असतं की," ती म्हणाली आणि फडक्यात गुंडाळून बाटली कमरेला, पोटाशी बांधली.

जालना ते अंबड एका एसटीने, तिथून दुसरीने. खड्डा आला की नंदाबाई दोन्ही हात पोटावर धरायची. शेजारच्या म्हातारीने तिला सरकून जागा दिली आणि कितवा महिना म्हणून विचारलं. नंदाबाई म्हणाली, "अकरावा." म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की मला तोंड खिडकीकडे वळवावं लागलं.

अंतरवालीला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. सगुणा अंगणात कापूस निवडत होती. "मावशी!" म्हणत धावत आली, बाजेवर घोंगडी टाकली. नंदाबाई बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. विरजणाचं, भेसळीचं, वैशाखातल्या त्या बाटलीचं.

सगुणा बाजेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "मंग मी जिच्या पाया पडले ती कोन?"

"ती बी कोनाची तरी मायच. परमुलखातली. तिला कोनी पुसलं बी न्हवतं म्हने."

सगुणाने डोळ्याला पदर लावला. "मंग पाया पडलेलं वाया न्हाई गेलं, मावशी."

नंदाबाईने कमरेची गाठ सोडली आणि बाटली तिच्या ओंजळीत ठेवली. आत तांबूस पाणी, काचेवर पुसटसा धुरकट पडदा. दुसरं काही दिसण्यासारखं नव्हतं.

"गरम हाये!" सगुणा म्हणाली.

"ती ऊब तुज्या मायची न्हाई, माज्या अंगाची हाये. आता पुन्हा खोटं न्हाई सांगनार," नंदाबाई म्हणाली. "पन आत तीच हाये. बराबर तपासून आनली."

सगुणाने बाटली गालाला लावली. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

घरात कुणीतरी दिवा लावला. शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून बाटली पुन्हा कमरेला बांधून झाली. निघता निघता नंदाबाई थांबली.

"सगुणा, तुज्या मायचं इरजन हाये का अजून?"

"हाये की. एक दिवस मोडलं न्हाई."

"मंग मला चमचाभर देशील?"

जन्मभर दुसऱ्याला देत आलेली ही बाई अशा घराच्या दारात पहिल्यांदाच मागत होती. अशी घरं मला ठाऊक होती, माझं घर त्यांतलंच एक. त्यात दिवा लागलेला. सगुणाने एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा नंदाबाईच्या पोटाकडे पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेची वाटी होती, वर पळसाचं पान बांधलेलं.

एसटीत मी म्हणालो, "वाटी मी धरतो."

"नगं," नंदाबाई म्हणाली. "तुमी सांडवताल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डबा उघडला आणि मला न विचारता पेला पुढे केला.

"घ्या, संपतभाऊ. गिरिजाबाईचं हाये."

मी दोन पेले प्यालो.